हृदयाला हवी असलेली धमनीच पायांना जगवत होती

रुग्णाचं वय ६१. इचलकरंजी भागात सारी उमेद यंत्रमागावर गेलेली. मधुमेह बारा वर्षांचा, बिडी त्याहून कितीतरी जुनी. तक्रार अशी की चालायला लागलं की आधी कुल्ले, मग मांड्या, मग पोटऱ्या भरून येतात. जागच्या जागी दोन मिनिटं उभं राहिलं की मोकळं वाटतं, पुन्हा चाललं की पुन्हा तेच. दोन वर्षांपूर्वी घरापासून चौकापर्यंत एका दमात जात होते. आमच्याकडे आले तेव्हा अंगणातून रस्त्यापर्यंत जाणंही जड झालं होतं. दीड महिन्यापासून रात्री डाव्या पावलाची आग होई आणि पाय खाटेवरून खाली सोडून बसल्याशिवाय डोळा लागत नसे. त्याच पायाचं दुसरं बोट टोकाला काळं पडलं होतं.

त्याआधी वर्षभर मणक्याचे उपचार झाले होते. एमआरआयमध्ये कमरेतली गादी सरकलेली दिसली होती, आणि साठीतल्या माणसाच्या एमआरआयमध्ये ती दिसली नाही तरच नवल. पट्टा झाला, शेक झाला, गोळ्या झाल्या. खरं तर निदान त्यांच्या कामातच होतं. हा माणूस मागासमोर पाळीभर उभा राहत होता आणि तेव्हा पाय कुरकुरत नव्हते. मणक्यात नस दबली असेल तर नुसतं उभं राहणंही जड जातं. बसलं किंवा पुढे वाकलं तरच बरं वाटतं. रक्त कमी पडणाऱ्या पायाला उभं राहणं चालतं, कारण तेव्हा स्नायूला फारसं काम नसतं. त्रास चालण्याचा. ‘थांबल्यावर बसावंच लागतं, की उभ्या उभ्या भागतं?’ हा प्रश्न विचारायला कुठलंही यंत्र लागत नाही, तरी तो विचारायचा राहून जातो.

तपासताना दोन्ही जांघांत नाडी लागली नाही. पत्नी औषधं आणायला बाहेर गेल्यावर त्यांनी खालच्या आवाजात आणखी एक तक्रार सांगितली. ती गेल्या तीन वर्षांची होती आणि आजवर कुणी विचारलीच नव्हती. कुल्ल्यात-मांडीत येणारं दुखणं, जांघेत नाडी नसणं आणि लैंगिक दुर्बलता, हे त्रिकूट फ्रेंच शल्यविशारद रने लेरिश यांनी १९४० मध्ये मांडलं आणि आजही ते त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. पोटातली महाधमनी जिथे दोन पायांकडे फुटते तिथेच ती बुजलेली असते. बिडी ओढणाऱ्याचं बोट काळं पडलं की आपल्याकडे ‘बर्जर’ हा शब्द लगेच येतो. पण तो आजार सहसा पंचेचाळिशीच्या आतला, आणि पोटरी-पावलाच्या लहान वाहिन्यांचा. हृदयाला तो सहसा हात लावत नाही. इथे मोठी वाहिनी चरबी-चुन्याच्या थरांनी बंद झाली होती, आणि असे थर एकाच जागी बसून राहत नाहीत.

दंडाचा वरचा रक्तदाब १४५ होता, उजव्या घोट्याचा ५५ आणि डाव्याचा ४२. म्हणजे घोटा-दंड गुणोत्तर अनुक्रमे ०.३८ आणि ०.२९; निरोगी माणसात ते ०.९ च्या वर असतं. घोट्याचा दाब ५० च्या खाली, रात्रीची आग आणि काळं बोट हे तिन्ही एकत्र आलं की पाय धोक्यात आहे असं समजायचं. क्रिएटिनिन १.४, म्हणजे मूत्रपिंडंही फार जोरात नव्हती.

छातीत दुखतं का? नाही. दम लागतो का? नाही. या उत्तरांवर विश्वास ठेवायचा नसतो. छातीत दुखायला हृदयाला काम पडावं लागतं, आणि काम पडायला माणसाला चालावं लागतं. पाय चालू देत नव्हते म्हणून हृदय गप्प होतं. शिवाय मधुमेहात हृदयाची कळ अनेकदा जाणवतच नाही. ईसीजीत जुन्या झटक्याची खूण होती, जो झटका कधी आला हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. टूडी इकोमध्ये पंपिंग ४० टक्के.

अँजिओग्राफी

पायाच्या प्रत्येक रुग्णाची हृदयाची अँजिओग्राफी करावी का, हा जुना वाद आहे. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकने रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या १,००० रुग्णांची ती सरसकट केली आणि १९८४ मध्ये निष्कर्ष छापले: हृदयाच्या धमन्या पूर्ण निरोगी असलेले जेमतेम ८ टक्के, आणि साधारण चौथ्या हिश्श्यात दुरुस्त करण्याजोगा गंभीर आजार. यावरून बरीच वर्षं ‘आधी हृदय दुरुस्त करा, मग पाय’ असा शिरस्ता पडला. २००४ मध्ये त्याला धक्का बसला. अमेरिकेतल्याच माजी सैनिकांच्या १८ रुग्णालयांतल्या ५१० रुग्णांच्या ‘कार्प’ अभ्यासात, शस्त्रक्रियेआधी हृदयाची बायपास किंवा अँजिओप्लास्टी केलेल्या आणि न केलेल्या गटांत सुमारे पावणेतीन वर्षांनंतरचे मृत्यू २२ आणि २३ टक्के, म्हणजे जवळपास सारखेच निघाले. म्हणून हल्ली आम्ही सरसकट करत नाही, आणि ते योग्यच आहे. फक्त एक गोष्ट विसरायची नाही: लेफ्ट मेन, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूचा मूळ खोडाचा भाग, निम्म्याहून अधिक बुजलेले रुग्ण ‘कार्प’मध्ये घेतलेलेच नव्हते. ईसीजी आणि इको इतके बिघडलेले असताना त्या अभ्यासाचा आधार घेऊन स्वस्थ बसणं आम्हाला पटलं नाही.

जांघेत नाडी नसल्याने अँजिओग्राफी उजव्या मनगटातून झाली. लेफ्ट मेन ८० टक्के बुजलेली, उजवी धमनी पूर्ण बंद, डाव्या बाजूच्या फांद्यांतही ठिकठिकाणी अडथळे. बायपासची केस, हे पडद्यावर बघताक्षणी ठरलं.

खरी गोष्ट त्यानंतर दिसली. हृदयतज्ज्ञांनी छातीच्या हाडामागची डावी धमनी पाहायची ठरवली, जिला सगळे ‘लिमा’ म्हणतात. बायपासमध्ये हृदयाच्या समोरच्या मुख्य फांदीला ती जोडली की दहा वर्षांनीही नव्वद टक्क्यांच्या आसपास चालू राहते. पायातल्या शिरेचा भरवसा त्याच्या जवळपासही नाही. म्हणून ती निरोगी आहे ना, एवढंच पाहायचं होतं. एक्स-रेत दिसणारं औषध सोडलं, आणि धमनी नेहमीच्या जवळजवळ दुप्पट जाडीची दिसली. साधारणपणे ती बरगड्यांच्या खालच्या कडेशी बारीक होऊन विरते. इथे ती विरेना. हृदयतज्ज्ञ टेबल सरकवत राहिले, औषध पोटाच्या भिंतीतून नागमोडी खाली उतरत राहिलं आणि शेवटी डाव्या जांघेत जाऊन मांडीची धमनी भरली. खोलीत कुणीतरी म्हणालं, “हा तर पायाचा पाणीपुरवठा आहे.”

ही वाट शरीररचनेच्या पुस्तकांत अठराव्या शतकातल्या विन्स्लो यांच्या नावाने आहे. छातीच्या हाडामागची धमनी खाली पोटाच्या सरळ स्नायूत शिरते, तिथे जांघेकडून वर येणाऱ्या धमनीशी तिच्या बारीक फांद्या जुळलेल्या असतात. एरवी या जोडणीला काही काम नसतं. पण महाधमनी हळूहळू बंद होत गेली की रक्त हीच आडवाट रुंद करत नेतं. या माणसाचा डावा पाय बऱ्याच अंशी छातीतल्या त्या एका धमनीवर तगून होता, आणि हृदयाच्या बायपाससाठी आम्ही नेमकी तीच कापून घेणार होतो. न पाहता कापली असती तर हृदय वाचवून बाहेर आणलेल्या माणसाचा पाय आयसीयूत गार पडला असता. वैद्यकीय नियतकालिकांत अशा घटना नोंदलेल्या आहेत, आणि पायाचं दुखणं मणक्याचं समजून हृदयाच्या बायपासला गेलेल्या माणसात हा धोका सर्वांत जास्त.

आधी काय?

मुलाने पहिल्याच भेटीत सरळ विचारलं, “डॉक्टर, आधी पायाचं उरकून घेऊ. अण्णांच्या छातीत तर काही दुखत नाही.” पत्नीचं म्हणणं उलट: “ह्यांचं हृदय आधी बघा, पायाचं मेलं काय ते नंतर.” आमच्या बैठकीतही मतं अशीच विभागली होती, फक्त भाषा वेगळी.

पाय आधी करायचे तर ८० टक्के बुजलेल्या लेफ्ट मेनवर मोठी भूल द्यावी लागणार. रक्तदाब थोडा घसरला तरी हृदय बंद पडण्याची भीती.

हृदय आधी, पाय सहा आठवड्यांनी, हा सर्वसाधारण रुग्णात सर्वांत शहाणपणाचा मार्ग, आणि बहुतेकांना आम्ही तोच सांगतो. इथे तो तीन ठिकाणी अडत होता. लिमा घेतली तर पाय जातो. लिमा सोडून पायातली शीर वापरली तर दीर्घकाळाचा फायदा जातो, वर ज्या पायात रक्त नाही त्या पायावर लांबलचक चीर द्यायची आणि ती भरेल अशी आशा धरायची. तिसरं म्हणजे, शस्त्रक्रियेनंतर पंपिंग घसरलं तर हृदयाला आधार द्यायला जो फुगा घालतात तो जांघेतूनच घालतात, आणि जांघेकडून वर जाणारा रस्ता बंद.

स्टेंटचा विचार झाला. मधुमेह आणि अनेक धमन्यांचा आजार एकत्र असताना बायपास सरस ठरतो, हे २०१२ मध्ये १,९०० रुग्णांच्या ‘फ्रीडम’ अभ्यासाने दाखवलं आहे, आणि इथे चुनाही भरपूर होता. पायाच्या बाजूने महाधमनीत स्टेंट घालणं हल्ली पुष्कळदा जमतं आणि अनेकदा तेच आधी करून पाहावं. पण बंद भाग मूत्रपिंडाच्या धमन्यांच्या अगदी खालपर्यंत पोचला होता आणि जांघेतल्या धमन्याही खराब होत्या. तिथे तार घुसवताना चुन्याचे कण मूत्रपिंडात सुटले असते तर १.४ चं क्रिएटिनिन कुठे गेलं असतं, सांगता येत नव्हतं.

उरला एकाच भुलीत दोन्हीचा मार्ग. मला तो एरवी आवडत नाही. दोन शस्त्रक्रियांचा भार एका शरीरावर एका दिवशी टाकण्यात सर्जनची हौस जास्त आणि रुग्णाचा लाभ कमी, असं बऱ्याचदा घडतं. इथे आमची निवड फक्त त्या एका धमनीमुळे झाली. ती हृदयाला द्यायची तर पायाला त्याच क्षणी दुसरा पुरवठा हवा होता. कुटुंबाला सगळं चित्र काढून समजावलं. जिवाचा धोका शंभरात आठ-दहा असा आमचा अंदाज होता, तो आकडा तसाच सांगितला. पत्नीने एकच विचारलं, की नाही केलं तर? पाय मांडीपासून काढावा लागण्याची शक्यता मोठी आणि हृदयाचं काही सांगता येत नाही, हे उत्तर होतं.

पायाला रक्त कुठून आणायचं? सर्वांत टिकाऊ शस्त्रक्रिया पोट उघडून महाधमनीपासून दोन्ही जांघांपर्यंत नळी जोडण्याची, पण तिच्यात महाधमनीला चिमटा लावावा लागतो आणि तो भार या हृदयाला त्या दिवशी झेपला नसता. छाती उघडलेलीच असल्यामुळे हृदयाजवळच्या महाधमनीतून नळी खाली आणता आली असती. सीटी स्कॅनमध्ये तिथेही मऊ थर दिसले. त्याला चिमटा लावला तर कण मेंदूत जातात. मग राहिला काखेतून जांघेकडचा रस्ता, जो ब्लेझडेल आणि हॉल यांनी १९६३ मध्ये मांडला. नळी कातडीखालून जाते, पोट उघडायला लागत नाही, आणि हृदयावर ताण कमी येतो. टिकाऊपणात ती महाधमनीच्या शस्त्रक्रियेपेक्षा उणी, हे माहीत असूनच निवडली.

काख उजवीच घ्यायची, यावर मात्र कुणाचं दुमत नव्हतं. डाव्या हाताच्या मूळ धमनीतूनच लिमा निघते. त्याच धमनीतून पायाची नळीही काढली तर हृदय आणि पाय एकाच नळावर आले असते.

शस्त्रक्रिया

भूलतज्ज्ञांची पहिली अडचण रक्तदाब मोजण्याची. जांघेत नाडी नाही. डाव्या मनगटातली धमनी हृदयासाठी काढून घ्यायची होती. उजव्या मनगटात सुई घालता येत होती, पण उजव्या काखेत चिमटा लागला की तिथला आकडा शून्य. तेवढा वेळ डाव्या दंडावरचा पट्टा आणि अन्ननलिकेतून घातलेला इको यांवर भागवायचं ठरलं. डाव्या मनगटावर शस्त्र त्यानंतरच.

छाती उघडली. हृदय-फुप्फुस यंत्र भरून शेजारी तयार ठेवलं, काही बिनसलं तर मिनिटांत जोडता यावं म्हणून. लिमा भिंतीपासून मोकळी केली, पण तिचं खालचं टोक कापलं नाही. तिथे एक छोटी बुलडॉग क्लिप लावली आणि डाव्या पावलावर डॉपलर, म्हणजे रक्ताचा प्रवाह आवाजात ऐकवणारं यंत्र, धरला. आधीच क्षीण असलेला तो सूं-सूं आवाज काही सेकंदांत पूर्ण थांबला. क्लिप काढली, परत आला. पडद्यावर जे दिसलं होतं ते आता कानाने ऐकलं.

म्हणून लेफ्ट मेनचा आजार असूनही पाय आधी घेतले. उजव्या काखेपासून छातीच्या कडेने, कातडीखालून उजव्या जांघेपर्यंत आणि तिथून ओटीपोटावरून डाव्या जांघेपर्यंत ८ मिलिमीटरची, कडी असलेली, पीटीएफई या प्लास्टिकची नळी बसवली. कडी अशासाठी की कुशीवर दाब आला तरी ती चेपू नये. चिमटे सोडताना आधी उजवा पाय, मग जरा थांबून डावा, कारण उपाशी स्नायूतून परतणारं आंबट, पोटॅशियम जास्त असलेलं रक्त एकदम हृदयात येऊ द्यायचं नव्हतं. दाब थोडा खाली गेला, औषधाने सावरला. डाव्या पावलावर डॉपलर पुन्हा धरला. या वेळी आवाज खणखणीत होता. लिमावर क्लिप पुन्हा लावली. आवाज बदलला नाही. मग ती कापली.

पुढचा भाग नेहमीचा म्हणावा असा. यंत्र न जोडता, धडधडत्या हृदयावर लिमा समोरच्या मुख्य धमनीला जोडली. डाव्या मनगटातली धमनी लिमालाच फांदीसारखी जोडून ती मागच्या आणि खालच्या धमन्यांकडे नेली. खराब महाधमनीला कुठेही हात लावला नाही. फुग्याची गरज पडली नाही. सगळं मिळून सात तासांच्या आसपास.

त्यानंतर

पहिली रात्र आमचं लक्ष छातीपेक्षा डाव्या पोटरीवर जास्त होतं. रक्त परतल्यावर स्नायू सुजून आतल्या आत आवळला जाऊ शकतो, मग चीर देऊन तो मोकळा करावा लागतो. पोटरी टणक झाली, पण हद्द ओलांडली नाही. क्रिएटिनिन १.९ पर्यंत चढून उतरलं. दुसऱ्या दिवशी हृदयाचे ठोके अनियमित झाले, जे बायपासनंतर अनेकांना होतं, आणि औषधाने थांबले. खरा वैताग दिला तो उजव्या जांघेच्या जखमेने. तिथून आठवडाभर पाणी झिरपत होतं, आणि खाली कृत्रिम नळी असताना जंतुसंसर्ग झाला तर सगळंच उपसून काढावं लागतं. काळं बोट दहाव्या दिवशी काढलं. त्याची जखम मात्र सुरेख भरली. घोटा-दंड गुणोत्तर उजवीकडे ०.८२, डावीकडे ०.७६.

घरी सोडताना एक अडचण आली जी कुठल्याही पुस्तकात नाही. नळी ओटीपोटावरून जाते, तिच्यावर पट्टा, नाडी, काहीही आवळून बांधायचं नाही, असं सांगत असताना पत्नीने त्यांच्या करदोड्याकडे बोट दाखवलं. तो नेमका तिथेच कचकून बांधलेला असे. काढून टाका म्हटल्यावर त्यांच्या आईचा, वय ऐंशीच्या पुढे, ठाम नकार आला: पुरुषाची कंबर मोकळी ठेवायची नाही. शेवटी बोटं सहज सरकतील असा सैल सुती दोरा बांधायचा यावर तोडगा निघाला. उजवा हात सहा आठवडे झटक्याने डोक्यावर न्यायचा नाही, काखेतला जोड ताणला जातो, हे मात्र सगळ्यांनी मुकाट ऐकलं. बिडी रुग्णालयातच सुटली होती. औषधांत ॲस्पिरिन, स्टॅटिनचा पूर्ण डोस आणि रिव्हारोक्साबान २.५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. ॲस्पिरिन आणि रिव्हारोक्साबान ही रक्त पातळ ठेवणारी जोडी पायाचे झटके कमी करते, हे २०१७ मध्ये २७ हजारांवर रुग्णांच्या ‘कंपास’ अभ्यासात दिसलं. मुलाला जांघेतली नळीची नाडी बोटांनी तपासायला शिकवलं, रोज सकाळी दोन्हीकडे.

अकराव्या महिन्यात ते कामाला आलं. दाढ काढायची म्हणून रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन्ही गोळ्या थांबवल्या होत्या आणि पुन्हा सुरू करायच्या राहून गेल्या. एका सकाळी मुलाला डावीकडे नाडी लागली नाही. पाय गार पडायला लागला होता, पण बोटं हलत होती. दुपारपर्यंत ते आमच्या टेबलावर होते. फक्त जांघ बधिर करून, फोगार्टीच्या फुग्याच्या नळीने गुठळी ओढून काढली. नळी मांडीच्या धमनीला जिथे जोडली होती ती जागा अरुंद झाली होती, तिथे ठिगळ लावून रुंद केली. दुसऱ्या दिवशी ते वॉर्डात चालत होते. छातीने या सगळ्यात जराही कुरकुर केली नाही.

आता शस्त्रक्रियेला दोन वर्षं होत आली. पंपिंग ४८ टक्के आहे. चौकापर्यंत जाऊन येतात. वाटेत एकदा थांबतात, कारण मांडीतल्या धमन्यांचा आजार उरलेलाच आहे. डावी बाजू एकदा बंद पडली आहे, आणि एकदा बंद पडलेली नळी पुन्हा बंद पडण्याची शक्यता जास्त असते. हृदय आता भार झेलू शकत असल्याने पोट उघडून महाधमनीपासून टिकाऊ नळी बसवण्याचा पर्याय, जो तेव्हा बाद केला होता, पुन्हा टेबलावर आला आहे. मी तो सुचवला आहे. मुलगा तयार आहे. ते स्वतः म्हणतात, “ही बंद पडली तर बघू.” दर तीन महिन्यांनी डॉपलर करायचा, एवढ्यावर सध्या ठरलं आहे.